क्लाउड प्रमाणपत्राच्या अभ्यासातून पदवीचे श्रेयांक कसे मिळवावेत

मुंबईत आयटी, संगणकशास्त्र किंवा संगणक अभियांत्रिकी शिकणारे अनेक विद्यार्थी पदवी पूर्ण होण्याआधीच अॅमेझॉन वेब सर्व्हिसेस (एडब्ल्यूएस), मायक्रोसॉफ्ट अझूर किंवा गूगल क्लाउड या क्लाउडसेवांचे, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकसेवांचे, एखादे प्रमाणपत्र मिळवतात. नोकरीच्या मुलाखतीत त्याचा उपयोग होतो आणि बहुतेकांचा विचार तिथेच थांबतो. परंतु त्यासाठी केलेला अभ्यास जर खरोखर महाविद्यालयीन दर्जाचा असेल, तर त्याचे श्रेयांक, म्हणजे ज्यांना कॉलेजात सगळे क्रेडिट म्हणतात ते, पदवीत जमा व्हावेत ही मागणी मुळीच अवाजवी नाही. अशी मागणी करण्यास पोषक चौकट गेल्या काही वर्षांत आपल्याकडे तयार झाली आहे. ती चौकट कशी वापरायची आणि कोणाच्या दारात कोणते कागद घेऊन जायचे, हे येथे सांगायचे आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. प्रमाणपत्र देणारी कंपनी श्रेयांक देत नाही. श्रेयांक देण्याचा अधिकार पदवीचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या शिक्षणसंस्थेचा असतो, आणि तो तिच्या अभ्यास मंडळाने व विद्या परिषदेने मान्य केलेल्या नियमांनुसारच वापरला जातो. म्हणून परीक्षेचे शुल्क भरण्याआधी कॉलेजची लेखी मान्यता घ्यावी. प्रमाणपत्र हाती आल्यावर विभागप्रमुखांकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याचे कौतुक होते, पण त्याला श्रेयांक क्वचितच मिळतात, कारण झालेल्या गोष्टीला मागाहून नियमात बसवणे कोणत्याही परीक्षा विभागाला अवघड जाते.

नियमांची पार्श्वभूमी

राष्ट्रीय श्रेयांक आराखडा एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झाला. त्यानुसार ३० तासांच्या अध्ययनाला १ श्रेयांक, आणि वर्षभराच्या १२०० तासांना ४० श्रेयांक असे प्रमाण धरले जाते. या ३० तासांत केवळ वर्गातील व्याख्याने येत नाहीत. प्रयोगशाळेतील काम, प्रकल्प, स्वयंअध्ययन आणि मूल्यमापन हेही त्यात धरले जाते. वर्गाबाहेर किंवा नोकरीत मिळवलेल्या कौशल्यालाही मूल्यमापन करून श्रेयांक देता येतात, हे तत्त्व या आराखड्याने मान्य केले आहे, आणि आपल्या मागणीचा खरा आधार तेच आहे. मूल्यमापनाची अट मात्र विसरू नये. नुसत्या हजेरीला किंवा नुसत्या कागदाला या आराखड्यात मोल नाही.

दुसरा आधार म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी उभी राहिलेली अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. या बँकेत विद्यार्थ्याचे खाते असते, पण त्यात श्रेयांक जमा करण्याचे काम नोंदणीकृत शिक्षणसंस्थाच करते. विद्यार्थी स्वतः प्रमाणपत्र अपलोड करून श्रेयांक मिळवू शकत नाही. जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त ७ वर्षे वापरता येतात, आणि एका पदवीसाठी वापरलेले श्रेयांक पुन्हा दुसरीकडे वापरता येत नाहीत.

तिसरा आधार स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचाचा. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयममार्फत पूर्ण करण्याची मुभा संस्था देऊ शकते. येथेही मुभा संस्थेने द्यायची असते. ती आपोआप लागू होत नाही.

कॉलेज कोणत्या प्रकारचे आहे

मुंबईत या प्रश्नाच्या उत्तरावर निम्मे काम ठरते. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या साध्या महाविद्यालयाला अभ्यासक्रम बदलण्याचा अधिकार नसतो. विषय, श्रेयांक आणि परीक्षापद्धती विद्यापीठाची अभ्यास मंडळे ठरवतात. अशा कॉलेजातील प्राचार्यांनी मनावर घेतले तरी ते विद्यापीठाने ठरवलेला विषय काढून त्या जागी एडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र ठेवू शकत नाहीत. जे विषय विद्यापीठाने कॉलेजच्या निवडीवर सोडलेले आहेत, किंवा ज्यांचे अंतर्गत मूल्यमापन कॉलेजकडे आहे, तेवढ्यातच त्यांना वाव असतो.

स्वायत्त महाविद्यालयाची गोष्ट वेगळी आहे. रुईया, सेंट झेवियर्स, व्हीजेटीआय यांसारख्या स्वायत्त संस्थांची स्वतःची अभ्यास मंडळे आणि विद्या परिषद असते, आणि पदवी जरी विद्यापीठाच्या नावाने मिळत असली तरी अभ्यासक्रमाची रचना संस्था स्वतः करते. विद्याविहारचे सोमैया विद्यापीठ किंवा एचएसएनसी विद्यापीठ यांसारख्या स्वतंत्र विद्यापीठांत तर निर्णय पूर्णपणे आतच होतो. अशा ठिकाणी एखाद्या जाणत्या प्राध्यापकाने प्रस्ताव मांडला, तर तो त्याच शैक्षणिक वर्षात मार्गी लागण्याची शक्यता असते. मात्र अभ्यास मंडळाच्या बैठका वारंवार होत नाहीत. जूनमध्ये वर्ग सुरू झाल्यावर अर्ज करण्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्येच विषय काढलेला बरा.

श्रेयांक कोणत्या रकान्यात बसवायचे

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. या रचनेत मुख्य विषय, गौण विषय, खुले ऐच्छिक विषय, व्यावसायिक कौशल्य, कौशल्यवृद्धी, कार्यप्रशिक्षण आणि प्रकल्प असे वेगवेगळे रकाने आहेत. मागणी कोणत्या रकान्यासाठी आहे हे अर्जात स्पष्ट नसेल, तर तो अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो.

माझ्या मते बीएससी आयटी किंवा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुख्य विषयाऐवजी प्रमाणपत्र धरावे असा आग्रह करू नये. मुख्य विषयात सिद्धांत असतो, आणि तो कंपनीच्या परीक्षेत पुरेसा येत नाही. कौशल्यवृद्धी किंवा व्यावसायिक कौशल्याचा रकाना या कामासाठी अधिक योग्य आहे, कारण तेथे हाताने काम करण्याचे कौशल्य तपासणे हाच हेतू असतो. कार्यप्रशिक्षणाच्या रकान्यातही जागा निघू शकते, पण त्यासाठी केवळ परीक्षा पुरत नाही. एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम केलेले असावे लागते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आणखी एक वाट आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीच्या नेहमीच्या श्रेयांकांव्यतिरिक्त जादा श्रेयांक मिळवून ऑनर्स किंवा मायनर घेण्याची सोय आहे, आणि हे जादा श्रेयांक मोठ्या प्रमाणात ऑनलाइन अभ्यासक्रमांतून मिळवता येतात. येथे कोणताही नियमित विषय वगळावा लागत नसल्याने विभागाचा विरोध कमी असतो.

अभ्यासक्रमाची जुळणी

अर्जाचा जीव या भागात आहे. विभागप्रमुखांना पडणारा पहिला प्रश्न असा असतो की या परीक्षेत नेमके काय तपासले जाते आणि ते आमच्या अभ्यासक्रमाशी किती जुळते. त्याचे उत्तर जाहिरातीच्या भाषेत देऊ नये. प्रत्येक परीक्षेची अधिकृत मार्गदर्शिका मोफत उपलब्ध असते आणि तिच्यात प्रत्येक विभागाचे वजन टक्क्यांत दिलेले असते. तीच समोर ठेवावी.

एडब्ल्यूएसची क्लाउड प्रॅक्टिशनर ही पायाभूत परीक्षा घ्या. सध्याच्या सीएलएफ-सी०२ या आवृत्तीत क्लाउडच्या संकल्पनांना २४ टक्के, सुरक्षा व अनुपालनाला ३० टक्के, तंत्रज्ञान व सेवांना ३४ टक्के आणि बिल, दर व साहाय्य यांना १२ टक्के वजन आहे. प्रश्न ६५, वेळ ९० मिनिटे, शुल्क १०० डॉलर आणि उत्तीर्ण होण्यासाठी १००० पैकी ७०० गुण. त्यावरची सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही परीक्षा, एसएए-सी०३, सुरक्षित रचनेला ३० टक्के, बिघाड सोसूनही चालू राहणाऱ्या रचनेला २६ टक्के, वेगवान कामगिरीच्या रचनेला २४ टक्के आणि खर्च आटोक्यात ठेवणाऱ्या रचनेला २० टक्के वजन देते. तिची वेळ १३० मिनिटे, शुल्क १५० डॉलर आणि उत्तीर्णतेचे गुण ७२० आहेत.

आता कॉलेजचा क्लाउड कम्प्युटिंगचा अभ्यासक्रम शेजारी ठेवला, तर फरक लगेच दिसतो. कॉलेजचा अभ्यासक्रम बहुधा अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०११ मध्ये दिलेल्या व्याख्येपासून सुरू होतो, तीन सेवाप्रकार व चार उपयोजनप्रकार शिकवतो, आणि मग व्हर्च्युअलायझेशन (एका संगणकावर अनेक आभासी संगणक चालवणे), ते साधणारा हायपरव्हायझर आणि वितरित प्रणाली यांकडे वळतो. कंपनीच्या परीक्षेत हायपरव्हायझर आतून कसा चालतो हे विचारत नाहीत. पण कोणत्या सेवेला कोणती परवानगी द्यावी, एक डेटा सेंटर बंद पडले तर अॅप्लिकेशन कसे चालू राहील, साठवणुकीचा कोणता प्रकार स्वस्त पडेल, हे बारकाईने विचारतात. हा फरक लपवू नये. उलट दोन रकान्यांचा तक्ता करून एका बाजूला कॉलेजचे घटक आणि दुसऱ्या बाजूला परीक्षेचे विभाग लिहावेत, जे जुळत नाही तेथे तसे स्पष्ट नमूद करावे, आणि ती उणीव प्रकल्पाने किंवा तोंडी परीक्षेने कशी भरून काढणार हे सांगावे. प्रामाणिक तक्त्यावर प्राध्यापकांचा विश्वास बसतो.

किती श्रेयांक मागावेत, याचा हिशेब तासांवरून करावा. क्लाउड प्रॅक्टिशनरची तयारी बहुतेक विद्यार्थ्यांची ३० ते ४० तासांत होते, म्हणून तिच्यासाठी १ श्रेयांकाहून अधिक मागणे मला योग्य वाटत नाही. असोसिएट दर्जाच्या परीक्षेसाठी प्रयोगशाळेतील सरावासह ६० ते ९० तास सहज लागतात. तेथे २ किंवा ३ श्रेयांकांची मागणी टिकते. मायक्रोसॉफ्टची एझेड-९०० ही परीक्षा पायाभूत दर्जाची आहे, तर गूगलची असोसिएट क्लाउड इंजिनिअर ही दोन तासांची परीक्षा त्याहून बरीच खोल जाते. मोठा आकडा मागून नाकारले जाण्यापेक्षा तासांच्या नोंदवहीने सिद्ध करता येईल तेवढाच आकडा मागावा.

ही नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी. तारीख, विषय, लागलेला वेळ आणि केलेला प्रयोग एवढे चार रकाने पुरतात. तयारीसाठी एडब्ल्यूएस स्किल बिल्डर आणि मायक्रोसॉफ्ट लर्न यांवरील बरेच साहित्य मोफत आहे. एडब्ल्यूएसचा मुंबई हा विभाग, म्हणजे तिच्या येथील डेटा सेंटरांचा गट, २०१६ पासून सुरू आहे. प्रयोग तेथे करता येतात, पण खाते उघडल्याबरोबर खर्चमर्यादेची सूचना लावून ठेवावी आणि प्रयोग संपल्यावर सर्व्हर बंद करण्याची सवय लावून घ्यावी. विसरलेला एक सर्व्हर महिनाअखेरीस विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणार नाही असे बिल आणू शकतो.

गुणांचा पेच

कॉलेजला श्रेयांकाबरोबर श्रेणीही लागते, आणि अनेक प्रस्ताव याच ठिकाणी अडकतात. एडब्ल्यूएसचे गुण १०० ते १००० या मोजपट्टीवर काढलेले असतात. ती टक्केवारी नव्हे. ६५ प्रश्नांपैकी १५ प्रश्न तर गुणांसाठी धरलेच जात नाहीत. त्यामुळे ७२० गुण म्हणजे ७२ टक्के असे धरून गुणपत्रिकेत लिहिणे चुकीचे ठरेल. यावर उपाय असा सुचवावा की प्रमाणपत्र ही केवळ पात्रतेची अट राहील, आणि प्रत्यक्ष गुण कॉलेजचे प्राध्यापक देतील: काही गुण प्रकल्पाला, काही प्रयोगवहीला, काही तोंडी परीक्षेला. यात प्राध्यापकांचा मूल्यमापनाचा अधिकार शाबूत राहतो, आणि श्रेयांक आराखड्याची मूल्यमापनाची अटही पूर्ण होते.

अर्ज

अर्ज एका पानाचा असावा आणि तक्ता व मार्गदर्शिका जोडपत्र म्हणून द्यावीत. नमुना असा:

प्रति,
माननीय विभागप्रमुख,
माहिती तंत्रज्ञान विभाग.

विषय: कौशल्यवृद्धी अभ्यासक्रमांतर्गत व्यावसायिक क्लाउड प्रमाणपत्रास श्रेयांक मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,
मी तृतीय वर्षाचा विद्यार्थी असून येत्या सत्रात एडब्ल्यूएस सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही परीक्षा देण्याचा माझा विचार आहे. या परीक्षेच्या अधिकृत मार्गदर्शिकेची आपल्या अभ्यासक्रमाशी केलेली तुलना सोबत जोडली आहे. प्रयोगशाळेतील सरावासह अंदाजे ६० तासांचे अध्ययन अपेक्षित असल्याने कौशल्यवृद्धी रकान्यात २ श्रेयांक मिळावेत, ही विनंती. जुळत नसलेल्या घटकांसाठी विभाग ठरवील तो प्रकल्प व तोंडी परीक्षा देण्यास मी तयार आहे. हा प्रस्ताव अभ्यास मंडळापुढे ठेवण्यात यावा आणि निर्णय लेखी कळवावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,

एकट्याच्या अर्जापेक्षा वर्गातील सात-आठ जणांनी मिळून केलेल्या अर्जाचे वजन अधिक असते, कारण मग विभागाला तो एका विद्यार्थ्याचा अपवाद न राहता अभ्यासक्रम वाटू लागतो. त्याच वेळी कॉलेजने एडब्ल्यूएस अकॅडमीत सहभागी व्हावे अशी सूचनाही करता येते. शिक्षणसंस्थांना त्यासाठी शुल्क नसते आणि तेथील अभ्यासक्रम कॉलेजचेच प्राध्यापक शिकवतात.

कॉलेजने नकार दिला तर

एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटींसारख्या संस्थांचे अभ्यासक्रम स्वयमवर देणाऱ्या उपक्रमाची, वाट तेव्हाही खुली राहते, आणि संलग्न कॉलेजातील विद्यार्थ्याने तर बऱ्याचदा तीच आधी धरावी. आयआयटी खरगपूरचा क्लाउड कम्प्युटिंगचा आणि आयआयटी पाटण्याचा क्लाउड व वितरित प्रणालींचा अभ्यासक्रम स्वयमवर आलेले आहेत. नावनोंदणी मोफत असते. प्रमाणपत्र हवे असल्यास केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असून दोन्हींत वेगवेगळी किमान पातळी गाठावी लागते. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला साधारणपणे ३ श्रेयांक धरले जातात. या प्रमाणपत्राला नियमांचा थेट आधार असल्याने कॉलेजला नवा नियम करावा लागत नाही, संस्थेची मुभा मात्र लागते. एनपीटीईएलमधून श्रेयांक आणि त्याच अभ्यासाच्या बळावर कंपनीचे प्रमाणपत्र, अशी जोडी लावली तर मेहनत बरीचशी एकदाच करावी लागते.

जे विद्यार्थी अमेरिकेत पदवी पूर्ण करण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात: तेथे अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही संस्था कॉम्पटिया या आयटी संघटनेच्या प्रमाणपत्रांसारख्या व्यावसायिक प्रमाणपत्रांचे मूल्यमापन करून श्रेयांकांची शिफारस करते, आणि वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीसारखी काही विद्यापीठे आयटी प्रमाणपत्रे थेट स्वीकारतात. शिफारस बंधनकारक नसते. निर्णय तेथेही विद्यापीठाचाच असतो. एमएस या पदव्युत्तर पदवीसाठी जाणाऱ्यांना याचा फारसा उपयोग नाही.

परीक्षा आणि त्यानंतर

परीक्षेसाठी नाव नोंदवताना ओळखपत्रावरचे, कॉलेजच्या नोंदीतले आणि अकॅडमिक बँकेतले नाव जुळते ना, हे तपासावे. मराठी नावांत वडिलांचे नाव आणि आडनाव यांचा क्रम ठिकठिकाणी बदलतो, आणि पुढे पडताळणीच्या वेळी हाच फरक आडवा येतो. घरून ऑनलाइन परीक्षा देता येते, पण त्या वेळी खोलीत दुसरे कोणीही असता कामा नये. एका खोलीत चार माणसे राहणाऱ्या घरात ते जमणे कठीण असते, म्हणून परीक्षा केंद्रावर जाणेच श्रेयस्कर. पावसाळ्यात तारीख घेतली असेल तर हवामानाचा अंदाज दोन दिवस आधी पाहावा. एडब्ल्यूएसची परीक्षा २४ तास आधीपर्यंत पुढे ढकलता येते, त्यानंतर शुल्क बुडते. नापास झाल्यास १४ दिवसांनी पुन्हा बसता येते.

एडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र ३ वर्षे वैध असते. मायक्रोसॉफ्टची पायाभूत प्रमाणपत्रे कालबाह्य होत नाहीत, पण त्यापुढच्या दर्जाची दरवर्षी मोफत ऑनलाइन चाचणी देऊन नवी करावी लागतात. म्हणून निकाल लागल्यावर श्रेयांकांची नोंद त्याच सत्रात करून घ्यावी. प्रमाणपत्राची पीडीएफ, पडताळणीचा दुवा, नोंदवही, प्रकल्प अहवाल आणि मान्यतेच्या पत्राची प्रत परीक्षा विभागात द्यावी आणि पोच घ्यावी.

सत्राच्या निकालानंतर डिजिलॉकरमध्ये जाऊन आपल्या १२ अंकी अपार क्रमांकाखाली (विद्यार्थ्याच्या शैक्षणिक खात्याचा ओळख क्रमांक) ते श्रेयांक दिसतात का, हे पाहावे. कॉलेजकडून माहिती वर जाण्यास काही आठवडे लागतात, त्यामुळे लगेच घाबरून जाण्याचे कारण नाही. पुढील सत्राचे वर्ग सुरू होईपर्यंतही नोंद दिसली नाही, तर पोच आणि मान्यतेचे पत्र घेऊन प्रथम परीक्षा विभागाकडे आणि तेथे दाद न मिळाल्यास कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज करावा. अंतिम सत्राचे अर्ज भरण्याआधी हे काम उरकलेले असावे, कारण पदवीचे श्रेयांक मोजले जातात तेव्हा खात्यात जे दिसते तेवढेच धरले जाते.